तो घरी का गेला नाही

आमच्या घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. 'तो' म्हटलं की तोच. महाराज म्हणजे महाराज, त्यांच्यापुढे नाव लावायची गरज नाही. आणि तो म्हणजे दिल्लीहून दख्खन जिंकायला आलेला बादशहा, त्याचं नाव घ्यायची कोणाला इच्छा नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये चौथीला मी महाराजांचा इतिहास इंग्रजीतून शिकले. आजोबा अमरावतीहून आले की माझा अभ्यास घ्यायचे, आणि धड्यात त्याचं नाव आलं की ते बोटाखाली झाकून 'ही' असं म्हणत पुढे वाचायचे. मला तो खेळच वाटायचा. इंग्रजीत 'ही' कोणीही असू शकतो, आमच्या घरात मात्र एकच होता. त्यामुळे पुढे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनच्या हायस्कूलमध्ये, इतिहासाच्या बाईंनी त्याच्या नावाची चिठ्ठी माझ्या बाकावर ठेवली तेव्हा पहिला विचार मार्कांचा आला नाही. मी कोण झाले आहे हे घरी कोणत्या शब्दांत सांगायचं, हा आला.

बाईंचं नाव मिस कार्व्हर. प्रकरण होतं जमिनीवर पसरलेल्या साम्राज्यांचं, म्हणजे जी जहाजांवरून नाही तर घोडे, तोफा आणि कारकून यांच्या जोरावर वाढली त्यांचं. इस्तंबूलचा सुलतान, इराणचा शहा, मॉस्कोचा झार, चीनचा सम्राट, दिल्लीचे बादशहा. या सगळ्यांची एक परिषद वर्गात भरायची होती. प्रत्येकाने एक सम्राट व्हायचं आणि फळ्यावरच्या तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची: तू पसरलास कसा, पसरल्यावर सांभाळलंस कसं, आणि देवाधर्माचा उपयोग कशासाठी केलास. मग बाकीच्यांनी हवं ते विचारायचं. हात वर झाले आणि नावं भराभर गेली. दिल्लीचा उदार बादशहा गेला, संगमरवरी कबर बांधणारा गेला. मी हात वर केला नाही. तेव्हा मी वर्गात कधीच हात वर करत नसे. नागपूरला माझं इंग्रजी छान म्हणून मला भाषणाला उभं करायचे. इथे मी तोंड उघडलं की लोक पुढे झुकून ऐकायचे, आणि ते झुकणं मला सहन होत नसे. हात वर न करणाऱ्याला उरलेलं मिळतं. 'हा तुझा, रिव्हाटी,' मिस कार्व्हर मायेने म्हणाल्या. 'तू तिकडचीच ना?' तिकडची मी होतेच, फक्त तिकडे मी ज्या बाजूची होते ती बाजू फळ्यावर कुठे नव्हती.

आमचं अपार्टमेंट पहिल्या मजल्यावर होतं. जमिनीवर सगळीकडे करड्या रंगाचा गालिचा, त्यामुळे घरात पावलांचा आवाज नाही, आणि आईला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. कोण आलं, कोण गेलं काही कळतच नाही, म्हणायची. आवाज होते ते वेगळे: हीटर सुरू होताना भिंतीत होणारी खडखड, वरच्या कुत्र्याच्या नखांची टकटक, आणि फोडणी घातली की बोंबलणारा धुराचा अलार्म. आई मोहरी टाकायच्या आधी मला हाक मारायची, 'रेवती, टॉवेल!' आणि मी खुर्चीवर चढून अलार्मखाली टॉवेल फिरवत उभी राहायची. नागपूरला आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून ती सगळी हुशारी स्वयंपाकात लावायची. कोथिंबीर, म्हणजे आमच्याकडचा सांबार, भरपूर मिळायला लागल्यावर तिने सांबारवड्या केल्या, त्या दिवशी बाबा ऑफिसला उशिरा गेले. भांडी धुवायचं यंत्र आम्ही धुवायला कधी वापरलंच नाही, त्यात हाताने धुतलेली भांडी निथळत ठेवायचो. आता मी शिकागोत राहते, यंत्र रोज चालवते, आणि ते चालू असताना आई फोनवर असली तर विचारते, 'कसला गं एवढा आवाज?'

सकाळी टेबलावर साखरेच्या बरणीला टेकवून टॅब्लेट उभा असायचा आणि त्यात आजोबा. आमचा सकाळचा चहा आणि त्यांचा संध्याकाळचा. आजी गेल्यापासून ते अमरावतीत कुंदाआत्याच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. बोलणं फार होत असे असं नाही. ते पेपर वाचत, बाबा पोहे खात, आई डबा भरत असायची, आणि मध्येच कोणी काहीतरी बोलायचं, एका खोलीत बसल्यासारखं. मग बाबा उठायचे, गाडीची किल्ली घ्यायचे आणि आम्हा दोघींना आणि टॅब्लेटला मिळून एकदाच म्हणायचे, 'येतो.' आमच्यात घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत. आजोबा चष्म्यावरून बघत म्हणायचे, 'ये.' शाळेत एका मुलीला मी हे एकदा समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, म्हणजे तुम्ही निघताना 'आय ॲम कमिंग' म्हणता? पण मग खरंच येत असाल तेव्हा काय म्हणता?

चिठ्ठीची बातमी मी त्या टेबलावरच दिली.

'काय झाली म्हणतेस?' आजोबांनी पेपर खाली केला.

'तो,' मी म्हटलं.

आईचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. 'अगं मग बदलून माग ना! लाजतेस कसली? सॉरी म्हणायचं आणि एक्स्चेंज करायचं. आपल्या घरात हे काय!'

'नाटकात राक्षस कोणीतरी व्हावंच लागतं,' बाबा म्हणाले.

आजोबांनी पेपरची नीट घडी घातली. मग म्हणाले, 'होऊन राहिली आहेस तर नीट हो बेटा. अर्धवट नको. त्याला माफ करू नको, पण त्याच्याबद्दल खोटंही बोलू नको. खोट्या माणसाशी लढलो असं झालं तर आपलीच किंमत कमी होते.'

त्या दिवसापासून सकाळच्या चहाला तोही आमच्यात येऊन बसायला लागला. आजोबा जन्मभर बँकेत होते आणि जगातली कुठलीही गोष्ट ते बँकेच्या भाषेत समजावून सांगू शकत. 'मनसबदार म्हणजे काय, माहीत आहे? आमचा ऑफिसर. कागदावर ग्रेड. ग्रेडप्रमाणे पगार, ग्रेडप्रमाणे घोडे. आणि जहागीर म्हणजे ब्रँच. दोन-तीन वर्षं झाली की बदली. काहून? तर माणूस एका जागी रुजला की वरच्याचं ऐकत नाही.'

'तुमची किती वेळा झाली?' मी विचारलं.

'तुझ्या बापाला विचार. त्याच्या शाळा मोजल्या की झालं.'

बाबा हसले. 'पुसदला मला पहिला जिगरी दोस्त मिळाला, आणि अण्णा पेढे घेऊन घरी आले. प्रमोशनचे. मी खाल्ले नाहीत, यार.'

'खाल्ले होते,' आजोबा म्हणाले. 'चार.'

मग मी वतनाचं विचारलं, कारण पुस्तकात तो शब्द आला होता आणि मला तो फक्त हिंदी गाण्यांतून माहीत होता. वतन म्हणजे देश ना? आजोबांना हसता हसता खोकला आला. 'तो हिंदीतला. आपल्याकडे वतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा हक्क. देशपांडे हे आपलं आडनाव, ते वतनच. वर सुलतान बदलो की बादशहा बदलो, वतनदार जागचा हलत नाही. म्हणून दिल्लीला जहागीरदार आवडायचा आणि वतनदाराची भीती वाटायची.' आपलं वतन आता कुठे आहे, मी विचारलं. 'गेलं. काम गेलं, जमीन गेली, आडनाव उरलं. गेलं ते बरंच झालं, लोकांना कमी छळलं नाही आपण.' मग ते टॅब्लेटच्या काचेजवळ आले. 'तुझा बाप मात्र जहागिरीवर आहे. वतन नाही त्याला तिथे.' ते गमतीने म्हणाले होते. बाबांनी चहाचा कप उचलला, आणि तो रिकामा आहे हे त्यांना ओठाला लावल्यावर कळलं.

धर्माचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. आईच्या मते तो ढोंगी होता, लिही तसंच. आजोबा म्हणाले, 'ढोंगी असता तर बरं झालं असतं. ढोंगी माणूस सोय पाहून वागतो. हा खरंच मानायचा. टोप्या शिवायचा म्हणतात, खजिन्याला हात लावायचा नाही स्वतःसाठी. त्याच्या पणजोबाने सगळ्यांना दरबारात घेऊन राज्य पसरवलं, याने परत जिझिया बसवला. कर तो करच. पण देवाचं नाव घेऊन वसूल केला की घेणाऱ्याला आपण पुण्य करतोय असं वाटतं, मग थांबणार कोण त्याला? आणि त्याच वेळी त्याच्या चाकरीत आपलीही माणसं होती, हेही सांग वर्गात. पगार मोजून घ्यायची.' मी हे सगळं इंग्रजीत लिहून काढायचे तेव्हा त्यातला आजोबांचा आवाज निघून जायचा आणि वाक्यं एखाद्या चांगल्या विद्यार्थिनीची वाटायला लागायची.

ऑक्टोबरात आजोबांच्या पायांवर सूज आली. कुंदाआत्या आधी 'थोडी' म्हणाली, मग 'डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय' म्हणाली. ते आता खुर्चीत न बसता पलंगावर उशांना टेकून बोलायचे, बोलता बोलता दम लागायचा, पण रोज विचारायचे, 'काल कुठपर्यंत आला तो?' शेजारच्या ओळखीच्या म्हाताऱ्याची चौकशी करावी तसं. मी सांगायची: विजापूर घेतलं, गोवळकोंडा घेतला, नकाशावर आता राज्य सगळ्यात मोठं झालं. आजोबा म्हणायचे, 'आणि खजिना?' रिकामा. 'आणि गड?' एक घेतला की मागचा गेला. 'आणि तो कुठे?' तंबूत. सगळी दिल्ली तंबूंमधून फिरत होती, बाजार, कचेऱ्या, हत्ती, मुलगे, नातू. त्याची शेवटची पंचवीस-एक वर्षं अशी दख्खनमध्ये गेली. आजोबा डोळे मिटून ऐकायचे. त्यांचा राग कमी झाला नव्हता. पण आता ते त्याच्या वयाचं विचारायचे, त्याचे गुडघे कसे होते, त्याच्याजवळ कोण बसायचं. हे पुस्तकात नव्हतं.

एका सकाळी आत्याने कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि हळू आवाजात म्हणाली, 'दादा, आता ये.'

बाबांच्या व्हिसाची मुदत वाढवण्याचा अर्ज मध्येच अडकला होता. तो मंजूर होईपर्यंत अमेरिकेत राहून काम करता येत होतं. पण एकदा बाहेर पडलं की परत येण्यासाठी पासपोर्टवर नवा शिक्का लागणार, आणि त्यासाठीची भारतातली अपॉइंटमेंट कित्येक महिने मिळत नव्हती. कंपनीच्या वकिलीणबाईंनी बाबांना एका ओळीचं उत्तर पाठवलं होतं: प्रवास करू नका. तिकडे अडकलं तर नोकरी जाणार, नोकरी गेली की आमचाही इथला मुक्काम संपणार, माझी शाळा अर्धी राहणार. आई आणि बाबा हे बोलायचे तेव्हा मी माझ्या खोलीत असायची. दारं पातळ होती.

'जा तुम्ही,' आई म्हणायची. 'होईल ते होईल. नागपूर काही बुडालं नाही अजून.'

'आणि हिचं काय? आत्ता कुठे रुळायला लागलीय ती इथे.'

'माझ्यावर ढकलू नका,' असं मला दारातून म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. खरं तर मी तिथे रुळले नव्हतेच, कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. पण कोणी विचारलं नाही आणि मी हात वर केला नाही.

तिथल्या मराठी मंडळाची दिवाळी एका शाळेच्या कॅफेटेरियात होती. मुलांनी बागेच्या दुकानातून मातीची पोती आणून टेबलावर किल्ला केला होता. वर महाराज, बुरुजांवर हिरव्या प्लॅस्टिकचे अमेरिकन शिपाई, रायफली रोखलेले, कारण मावळे मिळाले नव्हते. मंडळाचे अध्यक्ष प्रधानकाका, निवृत्त डॉक्टर, कित्येक दशकांपूर्वी इकडे आलेले, मला बघून दुरूनच ओरडले, 'या, बादशहा!' आईने कोणाला तरी सांगितलं असणार. मी भिंतीला चिकटले. काकांनी कागदी रुमालाची घडी घालून त्याचा एक तंबू केला आणि किल्ल्याच्या पायथ्याशी ठेवला. 'हा तुझा मुक्काम. इथून वर बघत बसायचं, वर यायचं नाही. आणि भाषणाच्या शेवटी फक्त एवढं म्हण, आय लॉस्ट. टीचर फुल मार्क्स देणार. नाही दिले तर मला फोन कर!' सगळे हसले, मीही हसले. काकू म्हणाल्या, 'पुरे हो, घाबरवता लेकराला,' आणि माझ्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली.

नंतर मी किल्ल्यामागच्या खुर्चीत बसले होते तेव्हा बाबा काकांना विचारत होते. चकली हातात तशीच.

'काका, तुमच्या वेळी...?'

'आई गेली तेव्हा रेसिडेन्सी चालू होती. नाही गेलो. तार आली, तोवर तिकडे सगळं उरकलेलं होतं.' काकांचा मघाचा आवाज कुठे गेला कळेना. 'जाऊ नकोस, श्रीकांत. हे सगळं जाईल हातचं. तुझ्या वडिलांना तेच जास्त लागेल.'

'मग पुढे... म्हणजे, त्रास?'

'माणूस राहतो,' काका म्हणाले. एवढं बोलून त्यांनी बुरुजावरचा पडलेला एक शिपाई उचलून उभा केला. माती सुकली होती, तो पुन्हा आडवा झाला. काकांनी तो खिशात घातला आणि फराळाच्या रांगेकडे गेले.

बाबांनी जायचं नाही असं ठरवलं. ठरवलं असं ते बोलले नाहीत, पण ऑफिसची कामं घरी आणायला लागले आणि टॅब्लेटसमोर जास्त वेळ बसायला लागले. आजोबाही म्हणायचे, 'येऊन काय करशील? माझ्या पलंगाशी बसून फोनच बघशील. तिथूनच बघ.' हे वाक्य इतकं व्यवस्थित होतं की ते त्यांनी आधी तयार करून ठेवलं असावं, असं मला आता वाटतं. माणसं माझ्या समोर तयार वाक्यं बोलतात तेव्हा मला ती ओळखू येतात, मी स्वतः तेच करते.

परिषदेच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी आजोबा फार बोलले नाहीत. पेपर नव्हता. आत्याने त्यांचा चेहरा पुसला, केस सारखे केले, आणि ते टॅब्लेटकडे बघत होते, पण थोडं बाजूला, आमच्या मागे कोणी उभं असल्यासारखं. बादशहाचं काही विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं, आजोबा, माझं भाषण झालं लिहून. ते म्हणाले, 'हं.' बाहेर माझ्या बसची वेळ होत आली होती. बाबांनी पोहे अर्धे ठेवले, किल्ली घेतली, बूट चढवले आणि दारातून, रोजच्यासारखं, न बघता म्हणाले, 'येतो.'

'कधी?' आजोबांनी विचारलं.

आई वळली. बाबा दारातच उभे राहिले. आजोबांचे डोळे आता नीट समोर होते आणि त्यांत इतका आनंद होता की मला खाली बघावं लागलं. बाबांनी बोलायला तोंड उघडलं. 'ऑफिसला' म्हणायला एक क्षण पुरला असता. ते परत आत आले, बुटांसकट गालिच्यावर, टॅब्लेटसमोर वाकले आणि म्हणाले, 'संध्याकाळी, अण्णा.'

'बरं,' आजोबा म्हणाले. 'मग जेवायला थांबतो.'

अमरावतीत तेव्हा संध्याकाळच होती. आत्याने पदर तोंडाला लावला आणि काच काळी झाली. बाबा वाकलेलेच राहिले. मी दप्तर उचललं आणि बसला गेले, कारण दुसरं काय करायचं ते मला कळलं नाही.

पुढचं मला आईने सांगितलं. दुपारी बाबांनी ऑफिसातून फोन केला: तिकीट काढलं, उद्याचं, व्हायचं ते होऊ दे. आईने बॅग काढली. बाबा लवकर घरी आले, वाटेत दुकानात थांबून आजोबांसाठी मऊ, बिनइलॅस्टिकचे मोजे घेऊन आले, सुजलेल्या पायांना काचत नाहीत असे. मी शाळेतून आले तेव्हा घरात एक प्रकारची लगबग होती, जवळजवळ सणासारखी. आई मेथीचे पराठे लाटत होती, वाटेत खायला. बाबा मला म्हणाले, 'तुझं भाषण दे मला, विमानात वाचतो. अण्णांना वाचून दाखवीन.' मी ते छापून दिलं. अंधार पडता पडता फोन आला. तिकडे पहाट होत होती. आत्या म्हणाली, रात्रभर पान वाढून ठेवायला लावलं त्यांनी. एक घास घेतला नाही. दादा येतोय म्हणाले, त्याच्याबरोबर बसतो.

त्या संध्याकाळी बाबांनी तिकीट कॅन्सल केलं. आता जाऊन कोणाला भेटायचं, असं ते म्हणाले. अग्नी आत्याच्या मुलाने दिला. आत्या व्हिडिओ लावते म्हणाली तेव्हा बाबांनी नको म्हटलं. टॅब्लेट कपाटात ठेवला. घरात सुतक आलं, फोडणी बंद झाली, आणि सकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसून वरणभात खाताना साखरेच्या बरणीला काहीच टेकलेलं नसायचं. या प्रकरणाबद्दल लिहायचं मी खूप वर्षं टाळलं. माझ्याकडे आता असा पासपोर्ट आहे की कुठेही, कधीही जाता येतं, आणि अमरावतीत आता त्या फ्लॅटमध्ये दुसरे लोक राहतात.

परिषद ठरल्या दिवशीच होती. आई म्हणाली, नको जाऊस, मी बाईंना मेल करते. मी गेले. आजोबा नीट हो म्हणाले होते, एवढंच मनात होतं. बाकी मुलांनी घरून झगे आणि पुठ्ठ्याचे मुकुट आणले होते. मी आईची पांढरी शाल आणि डोक्याला साधी टोपी घातली. माझी पाळी आली तेव्हा मी तीन प्रश्नांची उत्तरं न अडखळता दिली. पसरलो कसा: तोफा, वेढे, आणि जिथे ते जमलं नाही तिथे लाच. सांभाळलं कसं: ग्रेड, पगार, बदल्या, आणि कोणाला एका जागी रुजू दिलं नाही. धर्म: मी खरंच मानत होतो, म्हणून तर थांबलो नाही. शेवटी मी मला मिळालं काय तेही सांगितलं, की नकाशा मोठा झाला, गड हातात राहिले नाहीत, मुलगे म्हातारे झाले आणि मी घरापासून लांब, तंबूत मेलो. वर्गात कोणी पुढे झुकलं नाही, किंवा झुकलं असेल तर मला दिसलं नाही.

मग इस्तंबूलचा सुलतान झालेल्या ओवेनने हात वर केला. उशीची पगडी डोळ्यांवर आली होती, ती त्याने मागे सारली. वाईट मनाने नाही, खरंच कळेना म्हणून त्याने विचारलं, 'पण मग तू घरी का गेला नाहीस?'

याचं उत्तर मी लिहिलेलं नव्हतं. आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी बँकेतलं काहीतरी सांगितलं असतं. मी शालीचं टोक धरून उभी राहिले. हीटरची खडखड ऐकू येत होती. मिस कार्व्हर मदतीला येणार असं वाटलं तेवढ्यात मी म्हटलं, 'माझं काम संपलं नव्हतं. आणि मी गेलो असतो, तर मागे जे मिळवलं होतं ते सगळं गेलं असतं.'

'फार छान,' मिस कार्व्हर म्हणाल्या आणि वर्गाकडे वळल्या. 'हे लिहून घ्या सगळ्यांनी.' आणि सगळ्यांनी लिहून घेतलं.

मी घरी आले तेव्हा बाबा गालिच्यावर बसून बॅग रिकामी करत होते. तोवर तिला हात लावायचा धीर कोणाला झाला नव्हता. शर्ट एका बाजूला, पासपोर्टचं पाकीट एका बाजूला, माझं छापलेलं भाषण मांडीवर. दाढी वाढली होती. मला टोपीसकट बघून ते किंचित हसल्यासारखे झाले.

'झालं भाषण?'

'हो.'

'अडखळली नाहीस?'

'नाही.'

'काय विचारलं पोरांनी?'

खोटं सांगता आलं असतं. 'घरी का गेला नाहीस, असं विचारलं,' मी म्हटलं.

बाबांचा हात बॅगेत थांबला. 'मग? काय सांगितलंस?'

'काम संपलं नव्हतं. आणि गेलो असतो तर मागे सगळं गेलं असतं.'

बाबांनी बॅगेतून मोज्यांची ती जोडी काढली. पुठ्ठ्याला अजून तशीच टाचलेली होती. ती त्यांनी शर्टांवर ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली.

'पटलं त्यांना?'

'हो. सगळ्यांनी लिहून घेतलं.'

बाबांनी मोज्यांवरून अंगठा फिरवला.

'लहान आहेत पोरं अजून,' ते म्हणाले.